उघड्यावर जेवायला बसताना: आधी टेबल, मग वेळ, मग मेन्यू

बाहेर जेवायला जायचं ठरलं की आपण आधी हॉटेल निवडतो, मग दिवस, मग वेळ. टेबल कुठलं, तर तिथे पोचल्यावर वेटर दाखवेल ते. चार भिंतींच्या आत बसायचं असेल तर हा क्रम चालून जातो. गच्चीवर, अंगणात किंवा फुटपाथलगत बसायचं असेल तर तो उलटा करावा लागतो. उघड्यावर पंधरा फुटांच्या अंतरावर दोन टेबलं असतात. एकावरची माणसं तीन तास रमतात, दुसऱ्यावरची अर्ध्या तासात डोळ्यांवर हात धरून, उडणारे नॅपकिन सांभाळत बिल मागवतात. जेवण मात्र दोघांनाही एकाच स्वयंपाकघरातून आलेलं असतं.

मी शक्य असेल तेव्हा बाहेरच बसते, आणि एवढ्या वर्षांत मला पटलेली गोष्ट हीच, की उघड्यावरची संध्याकाळ ऊन, वारा आणि बसायची जागा यांच्यावर ठरते. ही तिन्ही आधी बघता येतात. कशी, ते पायरीपायरीनं सांगते.

पायरी १: जागा कुठल्या प्रकारची आहे ते ओळखा

रस्त्यालगतची टेबलं, इमारतीच्या पोटातलं अंगण आणि गच्ची या तीन वेगळ्या जागा आहेत आणि तिघींचे गुणदोष वेगळे आहेत.

रस्त्यालगत बसलं की येणारीजाणारी माणसं बघायला मिळतात, आणि धूरही मिळतो. हा धूर रस्त्यापासून दूर गेलं की झपाट्यानं विरळ होतो, त्यामुळे एक ओळ मागे सरकल्यानंसुद्धा फरक पडतो. सिग्नल आणि बसथांब्यासमोरची टेबलं टाळावीत, कारण तिथे गाड्या थांबतात आणि पुन्हा जोर लावून निघतात. त्यापेक्षा कोपऱ्यावरून वळून आतल्या गल्लीत मांडलेलं टेबल कधीही चांगलं.

अंगणात वारा लागत नाही. मेणबत्ती विझत नाही, कागद उडत नाही, थंडीच्या दिवसांत ऊब टिकते. पण उन्हाळ्यात हेच उलटतं. दिवसभर तापलेल्या भिंती सूर्य गेल्यावरही दोन-तीन तास उष्णता सोडत राहतात आणि ती बाहेर निघायला वाट नसते. शिवाय चारही बाजूंच्या कठीण भिंतींवरून आवाज परत येतो. अर्धं अंगण रिकामं असताना गप्पांना याच्यासारखी जागा नाही, भरल्यावर मात्र शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जायचं असेल तर मी अंगणच निवडते, पण गर्दी व्हायच्या आत.

गच्चीवर आभाळ मिळतं, लांबवरचं दिसतं आणि डोक्यावर प्रतिध्वनी द्यायला काही नसतं. वारा आणि ऊन मात्र इथेच सर्वांत जास्त. म्हणून पुढच्या दोन पायऱ्या मुख्यतः गच्चीसाठी आहेत.

पायरी २: सूर्य कुठे असेल ते आधी काढा

सूर्यास्त बघायला म्हणून पश्चिमेकडचं टेबल मागायचं आणि मग पाऊण तास डोळे मिचकावत बसायचं, हे इतक्या जणांचं होताना बघितलंय की ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

सूर्य नेमका पश्चिमेला वर्षातून दोनदाच मावळतो, मार्चच्या २०-२१ तारखेला आणि सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला. ध्रुवांजवळचा भाग सोडला तर जगात कुठेही असा, मार्च ते सप्टेंबर तो पश्चिमेच्या उत्तरेला सरकून मावळतो आणि सप्टेंबर ते मार्च दक्षिणेला. डिसेंबरात ज्या टेबलावरून सुंदर सूर्यास्त दिसला, तिथून जूनमध्ये शेजारच्या इमारतीची मागची भिंत दिसू शकते. फोनमधलं होकायंत्र आणि त्या दिवशीची सूर्यास्ताची वेळ, एवढ्यावर हा अंदाज बांधता येतो.

गच्चीवर पोचल्यावर उजेड किती उरलाय हे बघायची एक जुनी युक्ती आहे. हात पूर्ण लांब करून चार बोटं आडवी धरायची आणि खालचं बोट क्षितिजाला टेकवायचं. वरच्या बोटावर सूर्य टेकलेला दिसला तर मावळायला साधारण एक तास आहे. एक बोट म्हणजे पंधरा मिनिटं, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो. विषुववृत्तापासून फार लांबच्या शहरांत तो तिरका उतरतो, तिथे वेळ याहून जास्त लागतो. शहरात मात्र क्षितिजाऐवजी समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून बोटं मोजायची, कारण आपल्यापुरता सूर्य तिथेच मावळणार असतो. हे करताना सूर्याकडे टक लावून बघायचं नाही. बोटांच्या कडेवरचा उजेड बघितला तरी पुरतं.

माझी वेळ ठरलेली आहे, सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी पोचायचं. तेवढ्या वेळात ऊन उतरतं, पेयं येतात आणि मेन्यू वाचायला उजेड असतो. गच्चीवरचे दिवे बहुतेक वेळा इतके मंद असतात की अंधार पडल्यावर मेन्यू फोनच्या बॅटरीत वाचावा लागतो. म्हणून मुख्य जेवण काय घ्यायचं ते उजेडातच ठरवून टाकावं, मागवावं वाटल्यास नंतर.

सूर्य गेल्यानंतरचा संधिप्रकाश हा या सगळ्यातला सर्वांत चांगला वेळ. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत समोरच्याचा चेहरा दिव्याशिवाय नीट दिसतो. विषुववृत्ताजवळ ही वेळ वीस-बावीस मिनिटांची असते, तिथून लांब गेलं की अर्धा तास किंवा त्याहून जास्त. आभाळाचा निळा आणि दिव्यांचा पिवळा हे दोन्ही त्या वेळात बरोबरीनं दिसतात. फोटो काढायचे असतील तर ते तेव्हाच काढावेत. मी त्या वीस मिनिटांत काहीही मागवत नाही.

पायरी ३: वाऱ्याचा हिशेब

फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं १८०५ मध्ये वाऱ्याची मोजपट्टी बसवली. ती जहाजांसाठी होती, जमिनीवरच्या खुणा तिला नंतर जोडल्या गेल्या. त्यातल्या दोनच पायऱ्या आपल्या कामाच्या. तिसरीत, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर वाऱ्यात, झाडांची पानं आणि बारीक काटक्या सतत हलत असतात. चौथीत, २० ते २८ किलोमीटरला, धूळ आणि सुटे कागद उडू लागतात. जेवणाच्या टेबलावर सुटे कागद म्हणजे नॅपकिन, मेन्यू आणि बिल.

हवामानाच्या ॲपवर दिसणारा वाऱ्याचा आकडा मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा धरलेला असतो. जमिनीवरच्या झाडांशी आणि घरांशी घासून वारा मंदावतो. वर जावं तसा हा अडथळा कमी होतो आणि वेग वाढतो. त्यामुळे ॲपवर १५ दिसत असतील तर उंच गच्चीवर ते वीसच्या वर धरून चालावं. शेजारी झोताचा वेगळा आकडा दिलेला असतो, तोही बघावा, कारण ग्लास पाडतो तो झोत. माझा नियम असा: ॲपवर वीस दिसले की गच्ची रद्द आणि अंगण पक्कं.

गच्चीवर वारा सगळीकडे सारखा नसतो. बसल्यावर आपलं डोकं जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर येतं. कठडा भरीव किंवा काचेचा असेल आणि त्याहून उंच असेल तर त्याच्या लगतच्या टेबलावर चक्क शांत असतं, दोन-चार टेबलं आत सरकलं की वारा पुन्हा खाली उतरतो. नुसते गज असतील तर कठड्यालगत पूर्ण वारा खावा लागतो. इमारतीचा कोपरा कुठल्याही परिस्थितीत टाळावा, कारण दोन बाजूंचा वारा तिथे वळतो आणि वेग घेतो. लिफ्टच्या खोलीची भिंत बऱ्याचदा मोठा आडोसा देते, पण तिकडचं टेबल कुणी मागत नाही.

आणि एक गंमत तळाशी. उंच इमारतीच्या पायथ्याची टेबलं सुरक्षित वाटतात, पण वारा उंच भिंतीवर आपटून खाली घसरतो आणि पायथ्याच्या कोपऱ्यांवरून जोरात निघतो. आसपास बाकी सगळं शांत असताना अशा एका ठिकाणी मी मेन्यूवर पाण्याची बाटली ठेवून जेवले आहे.

पायरी ४: फोनवर काय विचारायचं

नुसतं "रूफटॉपवर टेबल मिळेल का?" असं विचारलं की "हो" असं उत्तर येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. मी असं विचारते: टेबलावर छत आहे, छत्री आहे की उघडं आभाळ? टेबल नक्की तेच मिळणार की त्या भागात जे रिकामं असेल ते? पाऊस आला तर आत जागा धरून ठेवता की थांबावं लागतं? टेबलाला वेळेची मर्यादा आहे का? बाहेरची शेवटची ऑर्डर किती वाजता?

शेवटचा प्रश्न विसरू नका. आवाजाच्या नियमांमुळे कित्येक शहरांत बाहेरची सेवा आतल्यापेक्षा लवकर बंद करावी लागते. आत रात्री उशिरापर्यंत चालू असतं, म्हणून आपण निवांत असतो आणि गोड मागवायच्या वेळी वेटर खुर्च्या उचलायला येतो.

बरोबर म्हातारं माणूस, लहान मूल किंवा चाकाची खुर्ची असेल तर आणखी तीन प्रश्न. लिफ्ट थेट गच्चीपर्यंत जाते की शेवटचा मजला जिन्यानं चढावा लागतो? टॉयलेट त्याच मजल्यावर आहे का? खुर्च्या पाठीच्या आहेत की उंच स्टुलं? माझ्या आईचे गुडघे दुखतात. एकदा मी हे विचारलं नाही आणि तिला टॉयलेटसाठी दोन मजले उतरून पुन्हा चढावं लागलं. नंतर ती काही बोलली नाही, पण पाणी प्यायची थांबली. तेव्हापासून हा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारते.

पायरी ५: बसण्याआधी एक फेरी

बॅग खुर्चीवर ठेवायच्या आत दोन मिनिटं फिरून यावं. वेटरला नीट सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही.

बघायचं काय? एसीची बाहेरची यंत्रं, कारण ती गरम हवा फेकतात. स्वयंपाकघराची चिमणी, कारण तळणाचा वास वाऱ्याच्या दिशेनं तुमच्या केसांत येऊन बसतो. स्पीकर, कारण उघड्यावर त्याच्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो, म्हणजे दोन टेबलं लांब गेल्यानं गप्पा मारता येतात. सिगारेट ओढणारे कुठे बसलेत तेही बघावं. आत बंदी असते म्हणून ती मंडळी बाहेरच येतात. त्यांच्यावर वैतागण्यापेक्षा वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला बसावं.

झाडाखालचं टेबल असेल तर मी ते सहसा सोडत नाही. कापडी छत्री स्वतः तापते आणि खाली उष्णता टाकत राहते. झाडाची पानं मात्र बाष्प सोडत असल्यामुळे तेवढी तापत नाहीत, म्हणून तीच सावली झाडाखाली जास्त गार वाटते. फक्त खालच्या फरशीकडे आणि खुर्चीच्या पाठीकडे बघायचं. पांढरे डाग दाट असतील तर संध्याकाळी पाखरं तिथेच वस्तीला येतात आणि तुमचं ताट त्यांच्या बरोबर खाली असतं.

शेवटी टेबलावर दोन्ही हात ठेवून हलवून बघायचं. डुगडुगत असेल तर तेव्हाच सांगावं. ग्लास भरून आल्यावर टेबलाखाली घडी घालायला वाकणं जमत नाही.

पायरी ६: ऊन अंगावर असेल तर

दुपारचं जेवण बाहेर घेणार असाल तर अतिनील किरणांचा निर्देशांक ॲपवर बघावा. तो ३ किंवा त्याहून जास्त असेल तर जागतिक आरोग्य संघटना संरक्षण घ्यायला सांगते. छत्रीखाली बसलं म्हणून निभावत नाही, कारण हे किरण आभाळातून पसरून आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांवरून परतूनही येतात. पातळ ढगांतूनही त्यांचा बराच भाग खाली पोचतो. टोपी, गॉगल, सनस्क्रीन, आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा.

लिंबाविषयी मात्र मला थांबून सांगायचंय. माझी बहीण एका दुपारी गच्चीवर बसून आपल्या सोड्यात लिंबाच्या फोडी पिळत होती. रस बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला, तिनं नॅपकिननं पुसला. तिसऱ्या दिवशी त्याच वाटेनं, ओघळाच्या आकाराचा लाल पट्टा उठला, त्यावर फोड आले, आणि नंतर तपकिरी डाग कित्येक आठवडे राहिला. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, उन्हात लिंबू पिळलं होतं का? लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, फ्युरॅनोकौमरिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की कातडी भाजते, आणि ते दिसायला एक-दोन दिवस जातात. पुसून ती जात नाहीत, साबणानं हात धुवावे लागतात. उन्हातल्या टेबलावर लिंबाची फोड दिसली की मी आजही बरोबरच्यांना उठवून हात धुवायला पाठवते.

पायरी ७: पेयं

पेय उघड्यावर दर मिनिटाला बदलत असतं, हे लक्षात ठेवून मागवावं.

बिअर उन्हात ठेवू नये. हॉप्समधले घटक प्रकाशानं तुटतात आणि बिअरमधल्या गंधकयुक्त घटकांशी जुळून उग्र, कुबट वास तयार करतात. तपकिरी बाटली हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी कमी आणि पांढरी जवळजवळ नाहीच. ग्लासमध्ये ओतल्यावर तर काहीच आडोसा उरत नाही आणि कडक उन्हात काही मिनिटांत चव बिघडते. ऊन असेल तोवर लहान ग्लास मागवावा आणि तो सावलीच्या बाजूला ठेवावा. मोठा जग घेणं परवडतं, पण त्याचा तळ कोमट होतो.

वाइनच्या बाबतीत 'रेड वाइन साध्या तापमानाला प्यावी' हे वाक्य उघड्यावर विसरायचं. ते तापमान म्हणजे १४ ते १८ अंश सेल्सिअस. गच्चीवर ३० अंश असतील तर त्या वाइनमधून नुसता अल्कोहोलचा झोंबरा वास येतो. संकोच न करता बर्फाची बादली मागवावी आणि रेड वाइनची बाटलीही दहा-पंधरा मिनिटं तिच्यात ठेवावी. बादलीत नुसता बर्फ नको, निम्मं पाणी हवं. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि हवा गारवा नीट पोचवत नाही. पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं. व्हाइट वाइन ८ ते १२ अंशांची, ती पूर्ण वेळ बादलीतच राहू द्यावी आणि ग्लासमध्ये थोडी थोडी घ्यावी. वारा असेल तर उंच, चिंचोळे ग्लास नकोत, बुडाशी जड असलेले मागावेत.

कॉकटेल असो की मॉकटेल, उन्हाळ्यात चुऱ्याचा बर्फ घातलेलं घेऊ नये. तेवढ्याच वजनाच्या एका मोठ्या खड्यापेक्षा चुऱ्याला हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी जास्त, म्हणून तो भराभर वितळतो आणि दहा मिनिटांत तुम्ही रंगीत पाणी पीत असता. "बर्फ मोठा घाला" एवढं सांगितलं की पुरतं.

आता एक बारीक गोष्ट. गार ग्लासला बाहेरून घाम सुटतो. दमट संध्याकाळी पाण्याचे थेंब जमतात, एकमेकांत मिसळतात आणि ओघळून खालच्या कागदी नॅपकिनवर गोल डाग करतात. मग नॅपकिन ग्लासच्या बुडाला चिकटतो, ग्लास उचलला की तोंडापर्यंत बरोबर येतो आणि अर्ध्या वाटेत गळून मांडीवर पडतो. ग्लास ठेवायच्या आधी नॅपकिनवर चिमूटभर मीठ भुरभुरावं. दाण्यांमुळे बूड कागदाला सपाट टेकत नाही, आणि नॅपकिन जागच्या जागी राहतो.

मद्य घेणार असाल तर हिशेब ठेवणं उघड्यावर जास्त गरजेचं आहे, कारण वाऱ्यात आणि गप्पांत चढतंय हे कळत नाही. १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप असं धरलं, तर ५ टक्क्यांची ५०० मिली बिअर दोन मापं होते. १५० मिली वाइन दीड मापाच्या आसपास, आणि ४० टक्क्यांचं ६० मिली कडक मद्य जवळजवळ दोन. शरीर तासाला साधारण एक माप निपटतं, आणि कॉफी, लिंबू, गार वारा यांपैकी कशानंही तो वेग वाढत नाही. अल्कोहोलमुळे लघवी जास्त होते, त्यात उन्हाचा घाम. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी, आणि पहिल्या ग्लासाच्या आधी काहीतरी खाणं, हे मी कधीच सोडत नाही. मद्य न घेणाऱ्यांसाठी एक सूचना: साखरेची गार पेयं एकामागून एक घेतली तर जेवणाची भूक मरते. सोडा, पुदिना आणि बर्फ यांवर संध्याकाळ उत्तम जाते.

पायरी ८: खाणं

वाऱ्यात गरम पदार्थ पटकन निवतात. पसरट ताटलीतला तर दोन मिनिटांत, खोलगट भांड्यातला बराच वेळ टिकतो. म्हणून गच्चीवर सूप आणि रश्शाचे पदार्थ झाकणाच्या भांड्यात मागावेत आणि सगळं एकदम न मागवता दोन-दोन पदार्थ करून मागवावं. पातळ पानांचं सॅलड उडतं, हे ऐकायला विचित्र वाटेल पण खरं आहे.

मासे, मांस, अंडी, क्रीम आणि मेयोनेज यांची वेळ लक्षात ठेवा. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जंतू वेगानं वाढतात. असे पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात संपवावेत. गप्पा रंगल्या की मधोमध ठेवलेली बशी तासन् तास तशीच राहते. ती नंतर बांधून घरी नेऊ नका.

पायरी ९: डास आणि गांधीलमाश्या

डास उडण्यात दुबळे असतात. टेबलावर साधा पंखा फिरत असेल तर ते जवळ टिकत नाहीत, शिवाय आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास, ज्यांवरून ते आपल्याला शोधतात, तोही विखुरतो. त्यामुळे थोडी झुळूक असलेलं टेबल संध्याकाळी फायद्याचं. पाय झाकलेले हवेत, कारण टेबलाखाली हवा हलत नाही आणि घोट्यांना डास फार. कुंड्यांच्या खालच्या ताटल्यांत पाणी साचलेलं दिसलं तर जागा बदलावी. बुर्किना फासोमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बिअर प्यायलेल्या माणसांकडे मलेरियाचे डास जास्त ओढले गेले होते. बिअर घेणाऱ्यांनी डासांचं मलम आधी लावावं.

गोड पेयाच्या ग्लासात गांधीलमाशी किंवा मधमाशी उतरते तेव्हा आवाज होत नाही. दिवसा बसला असाल तर प्रत्येक घोटाआधी ग्लासात बघा आणि कॅनमधून थेट पिऊ नका. घशात डंख बसला तर सूज श्वासनलिका बंद करू शकते, तेव्हा घरगुती उपाय न करता लगेच रुग्णवाहिका बोलवावी.

पायरी १०: गारवा आणि हीटर

आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर सूर्य गेल्यावर तापमान भराभर उतरतं, ढगाळ रात्री ते टिकतं. उघड्या आभाळाखाली बसलेल्याला छत्रीखालच्या माणसापेक्षा जास्त गार वाटतं, कारण अंगाची उष्णता थेट वर निघून जाते. शाल किंवा जाकीट असू द्यावं, आणि धातूच्या खुर्चीवर पाठीला काहीतरी घ्यावं. मद्य घेतल्यावर ऊब वाटते ती फसवी. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा गरम लागतो आणि आतली उष्णता उलट जास्त वेगानं बाहेर पडते.

हीटर बहुतेक वेळा हवा तापवत नाहीत, किरणांनी थेट अंग तापवतात. म्हणून दोन मीटरवर छान वाटतं आणि पाच मीटरवर काहीच नाही. ओढणी, मोकळे केस आणि कागद त्यापासून लांब ठेवावेत. गॅसचा हीटर असेल आणि वारा अडवायला चारी बाजूंनी प्लास्टिकचे पडदे पाडलेले असतील, तर मी तिथे बसत नाही. ती जागा नावापुरती बाहेर असते. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो. टेबलावरच्या दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा चक्कर आली, तर सगळ्यांनी ताबडतोब मोकळ्या हवेत जावं आणि तिथल्या लोकांना सांगावं.

पायरी ११: कठडा, वीज आणि जिना

कठड्यावर ग्लास, फोन, काहीही ठेवू नका. दहा मजले, म्हणजे सुमारे ३० मीटर, खाली पडणारा ग्लास जमिनीवर पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास असतो. खाली रस्त्यावर माणसं चालत असतात. लहान मुलांची खुर्ची आतल्या बाजूला हवी, आणि कठड्याजवळ मूल चढू शकेल असं स्टूल किंवा कुंडी असेल तर ती हलवायला सांगावी.

विजेच्या बाबतीत घाई केलेली बरी. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. गच्ची सोडून आत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. बाकी लोक बसले आहेत, वेटर काही बोलत नाहीत, हे बघून थांबू नका.

आल्या आल्या जिना कुठे आहे तेही बघून ठेवावं. आगीच्या वेळी लिफ्ट वापरत नाहीत.

पायरी १२: निघताना

उठायच्या वीस मिनिटं आधी परतीची गाडी बोलवावी आणि बिल मागावं, कारण गच्चीवरचं सगळं एकाच वेळी सुटतं आणि लिफ्टला रांग लागते. मद्य घेतलेल्यानं गाडी चालवायची नाही, ते तर निघायच्या आधीच घरी ठरलेलं असावं. खुर्चीखाली एकदा हात फिरवून बघा. वाऱ्यानं सरकलेला रुमाल, गॉगलचं कव्हर, शालीचं टोक तिथेच अडकलेलं असतं. आणि टेबल आवडलं असेल तर मॅनेजरला त्याचा नंबर विचारून, तारखेसकट फोनमध्ये लिहून ठेवा. मी तारखेपुढे सूर्य कुठे मावळला आणि वारा कुठल्या बाजूनं होता, तेही लिहिते.